फाउलचा हिशेब

बास्केटबॉलच्या कोर्टवर शिट्टी वाजली की आधी पंचाच्या हाताकडे पाहावं. हात वर आणि पंजा उघडा असेल, तर चूक चेंडूची, पावलांची किंवा वेळेची असते. कोणी ड्रिबल न करता चेंडू घेऊन पळाला असेल, कोणी एकदा थांबवलेलं ड्रिबल पुन्हा सुरू केलं असेल, कोणी रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त रेंगाळला असेल. अशा वेळी चेंडू समोरच्या संघाला मिळतो आणि विषय तिथेच संपतो. वर गेलेल्या हाताची मूठ वळलेली असेल, तर मात्र तो फाउल. फाउल कोणाच्या तरी नावावर मांडला जातो, त्याच्या संघाच्या खात्यातही जमा होतो आणि सामना संपेपर्यंत त्याचा पाठलाग करतो.

नव्या प्रेक्षकाचा गोंधळ उडतो तो शिक्षेपाशी. एका धक्क्यानंतर नुसता थ्रो-इन मिळतो, तसाच धक्का पुढच्या मिनिटाला बसतो तेव्हा दोन फ्री थ्रो मिळतात, आणि तिसऱ्या वेळी फ्री थ्रो मिळून वर चेंडूही त्याच संघाकडे राहतो. धक्का किती जोरात बसला यावर शिक्षा ठरते असं समजून पाहिलं, तर यातलं काहीच जुळत नाही. बास्केटबॉलचा नियम बहुतेक वेळा दुसराच प्रश्न विचारतो: या स्पर्शामुळे समोरच्याचं काय हिरावलं गेलं? जे हिरावलं ते भरून देणं हा दंडाचा पाया आहे. राग, हेतू आणि इजा हे मुद्दे त्यानंतर येतात, आणि त्यांच्यासाठी फाउलचे वेगळे प्रकार आहेत.

हा विचार खेळाच्या जन्मापासूनचा आहे. कबड्डीत अंगाला अंग भिडल्याशिवाय खेळच होत नाही. बास्केटबॉल मात्र धसमुसळेपणा टाळण्यासाठी जन्माला आला. डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत, जेम्स नाइस्मिथ यांना हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ हवा होता. लाकडी जमिनीवर रग्बीसारखी झोंबाझोंबी झाली तर हाडं मोडणार हे उघड होतं. म्हणून चेंडू घेऊन पळायचं नाही, आणि लक्ष्य डोक्यावर, उंच टांगलेल्या पीचच्या टोपलीत. त्यांच्या 13 नियमांतला पाचवा नियम खांद्याने ढकलणं, धरणं, लोटणं, पाय घालणं आणि मारणं यांना बंदी घालतो. पहिल्या वेळी फाउल. दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. आणि इजा करण्याचाच हेतू दिसला तर उरलेला सामना बाहेर, तेही बदली खेळाडू न देता. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले, आणि मधे प्रतिस्पर्ध्याकडून एकही झाला नाही, तर प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गोल. फ्री थ्रो तेव्हा नव्हताच; तो काही वर्षांतच आला आणि 15 फुटांवर स्थिरावला. सुरुवातीला फाउल कोणावरही झाला असला तरी संघ आपला सर्वांत पक्का नेमबाज रेषेवर पाठवत असे. ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच फ्री थ्रो घ्यायचे, हा नियम 1920च्या दशकातला. या एका बदलाने पुढे किती उलथापालथ केली ते शेवटी पाहू.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडच्या स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी होतात. नागपाड्याच्या कोर्टवर संध्याकाळी खेळणारा मुलगा सकाळी मोबाइलवर एनबीए पाहतो, आणि तिथले नियम बरेच वेगळे आहेत. फिबात दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. एनबीएत बारा मिनिटांचे क्वार्टर आणि सहावा फाउल. पुढे जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे फिबाचा नियम समजावा.

आता स्पर्श. प्रत्येक स्पर्श फाउल नसतो. दहा उंच माणसं रिंगखाली उसळी घेतात तेव्हा खांदे घासणारच. नियमानुसार प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं उभं असतं: पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत, बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत आणि वर छतापर्यंत. त्या जागेत सरळ वर उडी मारण्याचा, हात सरळ वर करण्याचा त्याला हक्क आहे. बचाव करणारा आपल्या नळकांड्यात सरळ उडाला आणि हल्ला करणारा त्याच्यावर आदळला, तर शिट्टी बचाव करणाऱ्यावर वाजता कामा नये. त्याने हात पुढे झुकवून समोरच्याच्या मनगटावर आणला, तर वाजायलाच हवी.

पंचांची सर्वांत कठीण परीक्षा चार्जिंग आणि ब्लॉकिंग यांत होते. एक खेळाडू वेगाने रिंगकडे निघालाय, दुसरा वाटेत येतो, दोघे आदळून खाली पडतात. फाउल कोणाचा? प्रेक्षक पडण्याकडे पाहतात, पंच पायांकडे. बचाव करणाऱ्याने समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि मग धडक छातीवर घेतली, तर चूक हल्ला करणाऱ्याची, हे चार्जिंग. अशी जागा एकदा मिळवल्यावर तो मागे किंवा बाजूला सरकला तरी चालतं, त्याने पुतळ्यासारखं उभं राहण्याची गरज नाही. हे कित्येक प्रशिक्षकांनाही ठाऊक नसतं आणि बाकावरून ‘तो हलत होता’ असा ओरडा होतो. हल्ला करणारा हवेत गेल्यानंतर मात्र वाटेत शिरता येत नाही, ते ब्लॉकिंग. आणि रिंगखाली 1.25 मीटर त्रिज्येचं जे अर्धवर्तुळ आखलेलं असतं, त्यात उभं राहून हवेतून आलेल्या खेळाडूची धडक झेलली तरी चार्जिंग मिळत नाही. नाहीतर प्रत्येक संघ रिंगखाली एक माणूस पडायला उभा करील.

हवेतल्या खेळाडूला उतरायलाही जागा लागते, आणि माझ्या मते या खेळातला हा सर्वांत महत्त्वाचा सुरक्षानियम आहे. 14 मे 2017 रोजी एनबीएच्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सॅन अँटोनियोचा क्वाय लेनर्ड उडी मारून शॉट घेत होता. गोल्डन स्टेटचा झाझा पाचुलिया त्याच्यावर धावत आला आणि त्याचा पाय लेनर्ड जिथे उतरणार होता तिथे सरकला. लेनर्डचा घोटा मुरगळला. त्या क्षणी सॅन अँटोनियो 23 गुणांनी पुढे होतं. सामना ते हरले, आणि लेनर्ड त्या मालिकेत पुन्हा खेळलाच नाही. पुढच्या हंगामापासून एनबीएने पंचांना अशा पायघुसवणीची चित्रफीत तपासून शिक्षा वाढवण्याची मुभा दिली. गल्लीतल्या सामन्यात शॉट घेणाऱ्याच्या पायाखाली पाय घालणारा मुलगा दिसला, तर त्याला पहिल्याच वेळी थांबवावं.

शिक्षेकडे येऊ. बचाव करणाऱ्याने शॉटच्या कृतीत फाउल केला आणि बास्केट झाली, तर गुण मिळतातच, वर एक फ्री थ्रो. बास्केट झाली नाही तर शॉट जितक्याचा तितके फ्री थ्रो: आतून दोन, 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून तीन. शॉट चालू नसताना फाउल झाला तर नुसता थ्रो-इन. चेंडू ज्या संघाच्या ताब्यात आहे त्याच्याच खेळाडूने फाउल केला, म्हणजे धडक मारली किंवा स्क्रीन लावताना सरकून वाट अडवली, तर चेंडू जातो पण फ्री थ्रो मिळत नाहीत. समोरचा शॉट घेतच नव्हता, त्याचं हिरावण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी साधारण एकाच वेळी एकमेकांवर फाउल केले तर दोघांच्या नावावर नोंद होते आणि दंड एकमेकांत फिटतात.

फ्री थ्रोच्या रेषेवर उभं राहणं वरून सोपं दिसतं. समोर कोणी नाही, पाच सेकंद मिळतात, रिंग जागची हलत नाही. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तीन सेकंद उरले होते आणि सोव्हिएत संघ एका गुणाने पुढे होता. अमेरिकेच्या डग कॉलिन्सने चेंडू पळवला, तो रिंगकडे झेपावला आणि फाउल होऊन थेट रिंगच्या खांबाच्या बुंध्यापर्यंत फेकला गेला. उठून त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले, दुसरा तर मधेच भोंगा वाजत असताना. अमेरिका 50-49. त्यानंतरचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले, सोव्हिएत संघ 51-50 असा जिंकला आणि अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदक स्वीकारलं नाही. तो वाद आजही चघळला जातो. पण त्या अवस्थेत टाकलेले ते दोन थ्रो मला त्या वादाहून मोठे वाटतात.

प्रत्येक फाउल टेबलावरच्या स्कोअरशीटवर उतरतो. कधी स्पर्धेला गेलात तर टेबलामागे उभं राहून ते शीट पाहा. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदी लाल शाईने, दुसऱ्या आणि चौथ्याच्या निळ्या किंवा काळ्या. प्रत्येक नावापुढे पाच चौकोन. साध्या वैयक्तिक फाउलला इंग्रजी ‘पी’, त्याला दोन फ्री थ्रो जोडलेले असतील तर त्याच्या पायाशी बारीक 2. टेक्निकलला ‘टी’, अनस्पोर्ट्समनलाइकला ‘यू’, थेट हकालपट्टीला ‘डी’. वर संघाच्या फाउलचे चार चौकोन, दर क्वार्टरला नवे. ते चार भरले की टेबलावर त्या संघाच्या बाजूला लाल खूण उभी राहते, आणि तिथून पुढे बचाव करताना झालेल्या साध्या फाउललाही दोन फ्री थ्रो मिळतात, शॉट चालू असो वा नसो. जादा वेळेत खातं नव्याने उघडत नाही, चौथ्या क्वार्टरचंच पुढे चालतं.

यामुळे फाउल ही जपून खर्चायची पुंजी होते. पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल झालेला मुख्य खेळाडू प्रशिक्षक बाकावर बसवतो, कारण तिसऱ्यानंतर तो हात आखडून खेळणार आणि प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्याच अंगावर चाल करणार. उलट, क्वार्टर संपायला दहा सेकंद आहेत आणि संघाचे दोनच फाउल झालेत, तर हुशार गार्ड एक फाउल करून समोरच्याची रचना मोडून टाकतो. किंमत फक्त थ्रो-इन. विल्ट चेंबरलेनसारखा अवाढव्य सेंटर एनबीएतल्या आपल्या साऱ्या कारकिर्दीत एकदाही फाउल भरून बाहेर गेला नाही. संयम हेसुद्धा कौशल्य आहे, याला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

टेक्निकल फाउलमध्ये स्पर्श नसतो. पंचांशी हुज्जत, शिवीगाळ, मुद्दाम वेळ काढणं, धक्का लागल्याचं सोंग करून पडणं, बाकावरून गैरवर्तन हे सगळं यात येतं. दंड एक फ्री थ्रो, तो संघातला कोणीही टाकू शकतो, आणि खेळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. एनबीएत रशीद वॉलेसने 2000-01च्या एका हंगामात 41 टेक्निकल जमवले, तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. पण टेक्निकल फक्त तापट माणसालाच मिळतो असं नाही. 1993च्या अमेरिकन विद्यापीठांच्या अंतिम सामन्यात मिशिगन दोन गुणांनी मागे होतं, अकरा सेकंद उरले होते. कोपऱ्यात दोघांनी घेरलेल्या क्रिस वेबरने टाइमआउट मागितला. संघाकडे एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. तिथल्या नियमाने तो टेक्निकल ठरला, नॉर्थ कॅरोलायनाला दोन फ्री थ्रो आणि चेंडू मिळाला आणि सामना तिथेच फिरला. वेबर तेव्हा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता.

अनस्पोर्ट्समनलाइक फाउल हा मधला टप्पा. चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्नच नव्हता, किंवा प्रयत्न होता पण धक्का अतिरेकी होता, किंवा समोर कोणी उरलेलं नसताना रिंगकडे निघालेल्याला मागून वा बाजूने पाडलं, किंवा वेगाने निघालेली चाल नुसती थांबवायला विनाकारण धरलं. दंड दोन फ्री थ्रो आणि शिवाय चेंडू. दोन अनस्पोर्ट्समनलाइक, दोन टेक्निकल किंवा दोहोंतला एकेक, की खेळाडू सामन्याबाहेर. एनबीएत याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे फ्लॅग्रंट, आणि त्याचे गुण प्लेऑफभर साठत जातात. 2016च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट 3-1 असं पुढे होतं. चौथ्या सामन्यातल्या लेब्रॉन जेम्सबरोबरच्या झटापटीसाठी ड्रेमंड ग्रीनला नंतर फ्लॅग्रंट दिला गेला, त्याची मर्यादा ओलांडली गेली आणि पाचवा सामना त्याला खेळता आला नाही. गोल्डन स्टेटने तो सामना गमावला, पुढचे दोन्हीही गमावले.

हाणामारीला थेट हकालपट्टी. नोव्हेंबर 2004 मध्ये ऑबर्न हिल्समध्ये इंडियाना आणि डेट्रॉइट यांच्यातली बाचाबाची एका कठोर फाउलवरून पेटली आणि प्रेक्षकांत पोचली. रॉन आर्टेस्टला हंगामाचे उरलेले सारे सामने आणि प्लेऑफ गमवावे लागले.

या सगळ्यात विचाराला सर्वांत खाद्य देणारा भाग म्हणजे मुद्दाम केलेला फाउल. ज्याच्यावर फाउल त्यानेच फ्री थ्रो घ्यायचे, हे ठरल्याबरोबर एक पळवाट उघडली: ज्याचा नेम कच्चा, त्यालाच धरा. 2 मार्च 1962 रोजी हर्शी इथे चेंबरलेनने एकट्याने 100 गुण केले. शेवटी शेवटी न्यूयॉर्कचे खेळाडू त्याच्याकडे चेंडू जाऊ नये म्हणून त्याच्या साथीदारांवर फाउल करत होते, आणि फिलाडेल्फियाचे खेळाडू चेंडू परत मिळवण्यासाठी न्यूयॉर्कवर. चेंबरलेनची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी जेमतेम 51 टक्के. त्या रात्री 32 पैकी 28 पडले.

डॉन नेल्सन यांनी डिसेंबर 1997 मध्ये डॅलसचे प्रशिक्षक म्हणून हीच युक्ती शिकागोच्या डेनिस रॉडमनवर वापरली. बबा वेल्स नावाच्या नवख्या खेळाडूला त्यांनी फक्त फाउल करायला आत पाठवलं. तीन मिनिटांच्या आत त्याचे सहा फाउल भरले. एरवी रेषेवर चाचपडणाऱ्या रॉडमनने 12 पैकी 9 टाकले आणि शिकागो जिंकलं. पुढे शकील ओ’नीलवर हा प्रयोग इतका झाला की युक्तीला त्याचंच नाव पडलं. आकडे मांडून पाहू. त्याचा फ्री थ्रो कारकिर्दीत 52.7 टक्के पडला, म्हणजे दोन थ्रोंमागे सरासरी 1.05 गुण. मैदानी शॉट 58.2 टक्के पडले, म्हणजे प्रत्येक दोन गुणांच्या शॉटमागे 1.16. एवढ्याशा फरकासाठी संघ फाउलमागून फाउल करत होते. 2000च्या अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात इंडियानाने त्याला 39 वेळा रेषेवर उभं केलं. 18 पडले, त्याचे 40 गुण झाले आणि लॉस एंजेलिस जिंकलं.

हे पाहायला कंटाळवाणं होतं, आणि माझ्या मते खेळाच्या मूळ विचाराशी विसंगतही, कारण चेंडूपासून दूर उभ्या माणसाला मिठी मारण्यात बचावाचं कसब शून्य. एनबीएत सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून दूर केलेल्या फाउलला एक फ्री थ्रो आणि शिवाय चेंडू मिळत होता. 2016 मध्ये ही तरतूद प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लागू झाली. फिबाने चेंडू खेळण्याच्या खऱ्या प्रयत्नाची अट घालून हा रस्ता आधीच अरुंद केला होता. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात चेंडू असतानाच आत कोणाला धरलं, तर आता एक फ्री थ्रो आणि चेंडू दोन्ही द्यावे लागतात.

एक डाव मात्र नियमांत बसतो आणि प्रशिक्षकांत आजही दोन तट आहेत. तुम्ही तीन गुणांनी पुढे, सात-आठ सेकंद बाकी, चेंडू त्यांच्याकडे, आणि तुमचे संघ-फाउल भरलेले. त्यांना तीन गुणांचा शॉट घेऊ द्यायचा, की त्याआधीच चेंडूवर हात टाकून फाउल करायचा? फाउल केला तर त्यांना दोनच थ्रो मिळतात. बरोबरी साधायची तर पहिला टाकून दुसरा मुद्दाम चुकवावा लागेल, रिबाउंड मिळवावा लागेल आणि तोही टाकावा लागेल. आणि रिंगखालच्या पहिल्या दोन जागा तुमच्याच खेळाडूंच्या असतात. धोका वेळेचा आहे. हात अर्ध्या सेकंदाने उशिरा पडला आणि तोवर शॉटची कृती सुरू झालेली असेल तर तीन फ्री थ्रो. चेंडू सोडून माणसाला धरलं तर दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. मी फाउल करा म्हणेन, पण एका अटीवर: समोरचा रिंगकडे पाठ करून असताना किंवा ड्रिबलचा चेंडू त्याच्या हाताखाली असताना, आणि हे काम सरावात शेकडो वेळा केलेल्या गार्डनेच.